एन्झाइम सगळ्याच पेशींत, मग बिघाड फक्त हातापायांच्या नसांत का?

तुम्ही विचारलंय, की जीएआरएस१ हे एक एन्झाइम बनवणारं जनुक प्रत्येक पेशीत लागतं, तर त्यातल्या म्युटेशनने फक्त हातापायांच्या नसाच का खराब होतात? एन्झाइम कमी पडतंय की ते उलट पेशीच्या कामात आडवं येतंय, हे आधी वेगळं करायला हवं. त्याशिवाय अशा एन्झाइमांच्या बिघाडातून होणाऱ्या आजारांचा उलगडा होत नाही.

या गटातल्या एन्झाइमांचं काम ठरलेलं अमिनो आम्ल ठरलेल्या टी-आरएनएला, म्हणजे ते वाहून नेणाऱ्या रेणूला, जोडून देण्याचं. जीएआरएस१चं एन्झाइम हे ग्लायसिन या अमिनो आम्लासाठी करतं. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, त्यातूनच प्रथिनाची साखळी वाढवतो. माणसात यासाठी ३७ जनुकं आहेत.

आईवडील दोघांकडूनही अशा जनुकाची सदोष प्रत आली, की एन्झाइम कमी पडतं. मग फटका अनेक अवयवांना बसतो, तोही बहुधा लहानपणीच. ल्युसिन या अमिनो आम्लासाठीच्या एलएआरएस१ जनुकाच्या बिघाडात तान्ह्या बाळाचं यकृत साध्या तापाच्या निमित्तानेही निकामी होऊ शकतं.

जीएआरएस१मुळे होणारा शार्को-मारी-टूथ २डी हा हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार मात्र एकाच सदोष प्रतीने होतो. हा संबंध २००३ मध्ये कळला. शार्को-मारी-टूथ गटातले बहुतेक आजार पायांपासून सुरू होतात. इथे पुष्कळदा आधी हात जातात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला स्नायू झिजतो, बटण लावताना, चावी फिरवताना चिमटीत जोर राहत नाही.

आता हे बघा: उंदरांत या जनुकाची एक प्रत नुसती बंद केली, तर नसांचा आजार होत नाही. म्हणजे दोष तुटवड्याचा नाही. २०२१ मध्ये याचं कारण पुढे आलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. बिघडलेलं एन्झाइम ग्लायसिनचा टी-आरएनए धरतं, पण वेळेवर सोडत नाही. त्यामुळे साखळीत ग्लायसिन जोडायच्या ठिकाणी येऊन रायबोसोम अडकतात. त्यातून जीसीएन२ या प्रथिनाची धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा चालू होते, आणि उंदरांत ती मुख्यतः स्नायू हलवणाऱ्या आणि काही संवेदना नेणाऱ्या चेतापेशींतच दिसली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. हाच टी-आरएनए जादा बनवणाऱ्या उंदरांत आजार टळला.

म्हणून रिपोर्टमध्ये जनुकाच्या नावावर थांबू नका. म्युटेशन एका प्रतीत आहे की दोन्ही, हे जनुकतज्ज्ञांकडून समजून घ्या. दोन्ही प्रती सदोष असलेल्या काही मुलांना संबंधित अमिनो आम्ल जास्त देऊन फायदा झाला आहे. ते वाचून २डीसाठी ग्लायसिनची पावडर सुरू करू नका. तिथे अडकलाय तो टी-आरएनए, ग्लायसिन कमी पडलेलं नाही.