मुलगी न्यू जर्सीत अकरावीला आहे, मे महिन्यात एपी मॅक्रोइकॉनॉमिक्सची (शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची अर्थशास्त्राची) परीक्षा देणार आहे. दोन महिन्यांत तयारी कशी करून घ्यावी?

आधी आकृत्या, बाकी सगळं नंतर. पेपरात ७० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न, मग एका तासात ३ लेखी. लेखीत वक्र बरोबर सरकवूनही अक्षांना नावं न दिल्याने गुण जातात. मनी मार्केटच्या (पैशाची मागणी-पुरवठा) आकृतीत उभ्या अक्षावर नॉमिनल व्याजदर, लोनेबल फंड्सच्या (कर्जाऊ निधी) आकृतीत रिअल, म्हणजे महागाई वजा करून. आमच्या चिरंजीवांनी हे शेवटपर्यंत उलटंच लिहिलं!

गुणक, म्हणजे एका डॉलरच्या बदलाने देशाचं उत्पन्न किती पट बदलतं तो आकडा, नुसता पाठ करू देऊ नका. एमपीसी (हातात आलेल्या जादा डॉलरमधला खर्च होणारा वाटा) ०.८ असेल तर सरकारी खर्चाचा गुणक ५, पण करकपातीचा ४च. का? कर कमी झाल्याने हातात आलेल्या डॉलरमधले २० सेंट लोक आधीच बाजूला ठेवतात.

जुनं गाईड कुणी दिलं तर बँकांच्या राखीव निधीचा धडा तपासा. फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) २०२० साली बँकांनी ठेवींचा ठरावीक वाटा राखून ठेवायची सक्ती शून्यावर आणली, त्यामुळे आता राखीव निधीवरच्या व्याजाची आकृतीही यावी लागते.

ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न गुणदानासकट फुकट आहेत. रोज एक, घड्याळ लावून, कागदावर.