गोठ्याच्या पाण्यातलं औषध कोळशाने निघतं का?

प्रश्न : माझ्याकडे २० संकरित गाई आहेत. गोठा धुतलेलं पाणी पाटाने घासाला आणि मक्याला सोडतो. दगडी (कासेला सूज) झाली की गाईला प्रतिजैविक द्यावं लागतं, ते शेणमुतातून पाण्यात उतरतं म्हणतात. कोळशाचा फिल्टर बसवू का?
– एक दूध उत्पादक, संगमनेर

उत्तर : उतरतं, हे खरं. ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा बराच भाग गाईच्या अंगात न मोडता जसाच्या तसा बाहेर पडतो. कोळसा ते धरून ठेवतो. मोडून टाकत नाही, हे आधी लक्षात घ्या.

आता कोळसा कोणता? उघड्यावर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवली तर हाती राखच येते. झाकणाच्या ड्रममध्ये हवा फारशी आत न जाऊ देता ४०० ते ६०० अंशांवर भाजली तर बायोचार मिळतो. त्याच्या बारीक छिद्रांत औषध शिरून चिकटतं. करवंटीचा कोळसा आणखी सच्छिद्र करून बनवलेल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग १००० चौरस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे चिमूटभर भुकटीत दहा गुंठे रान! घरच्या बायोचारचा त्याहून पुष्कळ कमी.

पण गोठ्याचं पाणी शेणाचं. शेणातला गाळ नि विरघळलेला सेंद्रिय भाग औषधाआधी छिद्रं बुजवतो. जाहिरातीतले मोठे आकडे बहुधा स्वच्छ पाण्यात औषध मिसळून काढलेले असतात, त्यावर जाऊ नका. फिल्टर करायचाच तर आधी दोन खड्ड्यांत पाणी निवळू द्या, मग वाळूचा थर, शेवटी कोळसा. आणि पाणी नितळ दिसलं म्हणजे औषध गेलं असं नाही. ते तपासणीतच कळतं.

मी तुमच्या जागी असतो तर पहिला खर्च फिल्टरवर केला नसता. उपचार चालू असलेली गाय वेगळ्या कोपऱ्यात बांधा. तिचं शेणमूत आणि दूध गटारात न सोडता कंपोस्टच्या ढिगात घाला. ढीग नीट तापला की टेट्रासायक्लिन गटातलं औषध बरंच मोडतं, एन्रोफ्लॉक्सॅसिन हे दुसरं प्रतिजैविक मात्र चिवट. ते दूध वासरालाही पाजू नका (बरेच जण पाजतात). औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस वर्ज्य ते पाहा. लिहिलेलं नसेल तर नियमाने किमान ७ दिवस.

वापरून झालेला कोळसा रानात टाकू नका, धरलेलं औषध पुन्हा सुटू शकतं. वाळवून वीटभट्टीवाल्याला द्या.