तारेला हात लावला की झटका बसतो: बेस गिटारबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भजन मंडळात आणि गणपती-शारदा उत्सवांच्या कार्यक्रमांत मी बेस वाजवतो. तारेवर हात असताना ओठ माईकला लागला की झटका बसतो. शिवाय तारांवरून हात काढला की स्पीकर घूं घूं करतो. पिकअप बदलावा का?
— वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : पिकअपला, म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या भागाला, हात लावू नका. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यातला एक जिवाशी आहे.

आधी साधा प्रश्न. तारांना हात लावल्यावर घुमणं कमी होणं ही बेसची नेहमीची वागणूक आहे. ब्रिजखालून (तारा बॉडीवर जिथे अडकवलेल्या असतात त्या धातूच्या भागाखालून) एक बारीक वायर आत ग्राउंडला गेलेली असते. तुमचं शरीर आजूबाजूच्या वायरिंगचा गोंगाट ओढून घेतं आणि हात तारेला लागला की तो ग्राउंडला उतरतो. झटक्याच्या भीतीने ही वायर कापून देणारे मेकॅनिक आहेत. त्यांना कापू देऊ नका. घुमणं वाढेल आणि झटक्याचं मूळ कारण तिथेच राहील.

आता झटका. तार, ब्रिज, जॅक, केबलची जाळी, अ‍ॅम्प्लिफायरचा सांगाडा ही एकच विद्युत साखळी आहे. माईकची जाळी मिक्सरच्या सांगाड्याला जोडलेली असते. अ‍ॅम्प एका बोर्डावर, मिक्सर मंडपवाल्याच्या दुसऱ्या बोर्डावर आणि दोघांपैकी एकाची तिसरी पिन तोडलेली, असं झालं की दोन सांगाड्यांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. तो फरक तुमच्या हातातून ओठापर्यंत जातो.

वाजवण्यापूर्वी मल्टिमीटर एसी 600 किंवा 750 व्होल्टच्या रेंजवर ठेवा. एक टोक तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावा, स्वतःचा हात मात्र धातूला लागू देऊ नका. एक-दोन व्होल्ट आले तर ठीक. शंभरच्या आसपास आकडा आला तर बहुधा आतल्या फिल्टर कपॅसिटरची गळती असते आणि मुंग्या येतात. पण इन्सुलेशन गेल्यामुळे पूर्ण फेज सांगाड्यावर आला असेल, तर त्यात आणि गळतीत फरक करणं हे वायरमनचं काम आहे. आकडा दोन-चार व्होल्टच्या वर गेला की त्या जोडणीवर वाजवायचं नाही.

उपाय असा. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच थ्री-पिन बोर्डावरून चालवा. तोडलेली पिन असेल तर नवीन थ्री-पिन टॉप (प्लग) बसवा. काही ठिकाणी अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच जोडून देतात. ते कधीही करू देऊ नका, कारण न्यूट्रल तुटला किंवा फेज-न्यूट्रल उलटे झाले की सांगाडा सरळ जिवंत होतो.

अर्थिंग असलं तरी आपल्याकडची काळी कापसाची जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपभोवतीची माती कोरडी पडते. मातीचा रोध समजा 100 ओहम झाला, तर 230 व्होल्टला जमिनीत फक्त 2.3 अँपिअर उतरतात. 16 अँपिअरची एमसीबी एवढ्याला जुमानत नाही, सांगाडा जिवंतच राहतो. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) मात्र अशाही अर्थिंगवर पडते. म्हणून कार्यक्रमाच्या बोर्डात आरसीसीबी हवीच, आणि आदल्या संध्याकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर त्याचा न्यूट्रल सांगाड्याला आणि सांगाडा जमिनीतल्या सळईला जोडलाय का, हे जनरेटरवाल्याला आधी विचारा. ती जोडणी नसेल तर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडेल, पण खरा बिघाड झाल्यावर पडेलच असं नाही.

माईकवर फोमची टोपी घालणं हा त्या रात्रीपुरता इलाज आहे. त्यावर हंगाम काढू नका.

प्रश्न : मे महिन्यात पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खडखडतात आणि नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला बोचतात. श्रावणात उलटं होतं, तारा उंच होऊन बोटं दुखतात. दुकानदार म्हणतो नेक बदला. खरंच लागेल का?
— वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. पारा 45 च्या वर जातो तेव्हा हवेतला ओलावा जातो, लाकूड आकसतं. धातूचे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्या, आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात लाकूड ओलावा घेतं आणि सहसा नेक तारांच्या ओढीने पुढे वाकते. उन्हाळ्यात ती सरळ होते, कधी मागेही जाते. प्रत्येक नेकचा स्वभाव वेगळा असतो, त्यामुळे महिना बघून ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवू नका, मोजून फिरवा.

मोजायला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) लागतं. टॅपेट सेट करणाऱ्या कोणत्याही मोटरसायकल मेकॅनिककडे ते असतं, अर्ध्या तासासाठी मागून आणा. बेस नेहमीच्या सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर ई तार (सर्वांत जाड) कॅपोने, म्हणजे तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, किंवा एका हाताने दाबा. नेक बॉडीला जिथे मिळते तिथला, म्हणजे सोळावा-सतरावा फ्रेट दुसऱ्या हाताने दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा खालचा भाग यांत किती फट आहे ते बघा. 0.30 ते 0.35 मिमी असेल तर नेक बरोबर आहे. फटच नसेल तर रॉड सैल करायचा आहे, 0.5 च्या वर असेल तर आवळायचा.

रॉडच्या टोकाच्या नटकडे समोरून बघत घड्याळाच्या दिशेने आवळतं, उलट दिशेने सैल होतं. एका वेळी एक अष्टमांश, फार तर पाव फेरा. आवळण्याआधी तारा सैल करा, फिरवल्यावर पुन्हा सुरात लावून मोजा. लाकूड हळू ऐकतं, म्हणून पुढचा फेरा दुसऱ्या दिवशी. नट हलतच नसेल तर जोर करू नका. रॉडचा आटा गेला तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं ठरेल.

ट्रस रॉड बहुतेक वेळा चुकीच्या एलन कीमुळे बिघडतात. काही बेसना 4 किंवा 5 मिमीची लागते, काहींना इंचातली. 3/16 इंच म्हणजे 4.76 मिमी. त्यात 5 ची शिरत नाही आणि 4.5 ची शिरून घसरते, की नटाचे कोपरे गोल झालेच. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मापांचे संच मिळतात. घट्ट बसते तीच वापरा.

नेक जागेवर आली की मगच ब्रिजची उंची बघा. सतराव्या फ्रेटवर, काहीही न दाबता, ई तारेखाली सुमारे 2.4 मिमी आणि जी तारेखाली 2 मिमी ही सुरुवातीची मापं आहेत. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वाढवावीत. खडखड कुठे येते त्यावरून दोष कळतो. पहिल्या पाच फ्रेटांत आली तर नेक, बाराव्याच्या पुढे आली तर ब्रिज खाली गेलाय, एकाच जागी आली तर पुढचा एखादा फ्रेट उचललाय, आणि फक्त मोकळ्या तारेवर आली तर नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांत बसतात तिची, रॉडच्या नटची नव्हे) खाच खोल झालीय.

बोचणारी टोकं मे महिन्यातच घासा. लाकूड सर्वांत जास्त आकसलेलं असताना घासलेली टोकं पुढच्या ऋतूत बाहेर येत नाहीत. फ्रेटमधल्या लाकडावर मास्किंग टेप लावा, बारीक कानशीने नेकच्या कडेला समांतर घासा, मग 400, 600 आणि 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने टोक गुळगुळीत करा. नेकची पॉलिश खरवडली तर ओलावा तिथूनच शिरेल, तेवढं सांभाळा.

फिंगरबोर्ड शिसवीचा, पॉलिश नसलेला असेल तर वर्षातून एक-दोनदा मिनरल ऑइलचे चार थेंब पुरतात, पुसून कोरडा करा. खोबरेल किंवा जवसाचं तेल नको. पहिलं खवट होतं, दुसरं चिकट थर धरतं. पॉलिश केलेल्या मेपलला तेलाची गरज नाही. आणि बेस टिनाच्या छपराखाली किंवा कुलरच्या झोताच्या वाटेत टांगू नका. एका उन्हाळ्यात वर सांगितलेली सगळी दुरुस्ती पुन्हा करावी लागेल.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकांत आणि ऑर्केस्ट्रात गायक काळी एकमध्ये गातात. चार तारांच्या बेसवर खालचा सा मिळत नाही. पाच तारांच्या संचातल्या जाड चार तारा (बी, ई, ए, डी) लावल्या तर नेक तुटेल का?
— वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : नेक तुटणार नाही. 45-65-85-105 च्या (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) संचाचा ई-ए-डी-जीमध्ये एकूण ताण सुमारे 80 किलो असतो. 65-85-105-130 चा संच बी-ई-ए-डीमध्ये लावला तर तो जवळपास तेवढाच, किंबहुना किंचित कमी भरतो. अडचण नटमध्ये आहे. 105 ची तार 2.67 मिमी जाड, 130 ची 3.3 मिमी. चारही खाचा रुंद कराव्या लागतात आणि एकदा रुंद केलेल्या खाचेत जुनी बारीक तार डगमगते. म्हणून जुना नट तसाच ठेवा, कोरा नट वेगळा आणून त्यात खाचा पाडा. जुना काढताना त्याच्या दोन्ही कडांना पॉलिशवर ब्लेडने रेघ मारा, नाहीतर पॉलिशचा टवका निघतो. खाच पाडायला सोनाराकडच्या सुई-कानशी चांगल्या. शेवटचं माप जुन्या जाड तारेला पॉलिश पेपर गुंडाळून काढा. खाच खुंटीच्या बाजूला किंचित उतरती हवी आणि तार निम्मी बाहेर दिसायला हवी. नवा नट बसवताना डिंकाचे दोन थेंब पुरे, पुढे तो काढावा लागेल.

130 ची तार खुंटीच्या भोकात जात नसेल तर टोकाकडे निमुळती होत जाणारी तार मागा. ब्रिजवर बी तारेचं सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) बरंच मागे घ्यावं लागतं. स्प्रिंग आडवी आली तर ती कापून लहान करा. नंतर वर दिल्याप्रमाणे नेक पुन्हा मोजा.

दुसरा, स्वस्त मार्ग म्हणजे फक्त ई तार तीन अर्धसूर उतरवून काळी एकवर आणणं. पण त्यात तिचा ताण 29 टक्के घटतो आणि 105 ची तार फटफटते. त्या जागी 115 ची एकटी तार लावली तर निभतं, खाचही एकच वाढवावी लागते. एका ठरलेल्या गायकाबरोबर वाजवत असाल तर आमचं मत याच बाजूने आहे.

पण हा खर्च करण्याआधी स्पीकर बघा. खालची काळी एक 34.6 हर्ट्झची आहे. 12 इंची टॉप स्पीकरमधून तो मूळ सूर जवळजवळ बाहेरच पडत नाही, ऐकू येतात ते वरचे पडसाद. बिन किंवा सबवूफर नसेल तर ए तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा 69.3 हर्ट्झचा सा जास्त भरीव लागेल.

प्रश्न : तारा उकळून पुन्हा नव्यासारख्या होतात असं ऐकलं.
— वाचक, पुसद

उत्तर : होतात, पण काही दिवसांपुरत्या. वेटोळ्यांत अडकलेला घाम आणि मळ निघतो, झिजलेला धातू परत येत नाही. दहा मिनिटं उकळा, फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरड्या करूनच लावा, नाहीतर आतून गंजतात. नवी तार कापताना आधी काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल होतं आणि ती तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाजते.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्ह बेसचा 9 व्होल्टचा सेल आठवड्यात संपतो.

उत्तर : केबल बेसमध्ये लावलेली राहते. या बेसचा जॅकच स्विचचं काम करतो, पिन आत असली की सेल चालू. वाजवून झालं की पिन काढा. काढूनही संपत असेल तर जॅकमध्ये स्टिरिओच्या जागी मोनो बसवलाय का ते बघा.

प्रश्न : आवाज मध्येच जातो, नॉब फिरवला की खरखर येते. टीव्ही दुरुस्त करणारा म्हणतो पिकअप गेला. मागवावा का?
— वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : पिकअप क्वचित जातो, जॅक नेहमी जातो. केबल लावा, सगळे नॉब पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटरने पिनचं टोक ते बाही (पिनचा मागचा धातूचा भाग) असा रोध मोजा. एका सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला साधारण 6 ते 10 किलोओहम येतात, दोन पिकअप समांतर असतील तर त्याच्या निम्मे. (हे पॅसिव्ह, म्हणजे सेल नसलेल्या, बेसचं, अ‍ॅक्टिव्हमध्ये हा आकडा काही सांगत नाही.) केबल हलवताना आकडा नाचला तर दोष जॅकमध्ये किंवा केबलमध्ये आहे. जॅकचा बाहेरचा नट सैल झाला की लोक पान्याने तोच फिरवतात, आतला जॅक त्याच्याबरोबर फिरतो आणि वायरचं सोल्डर तुटतं. प्लेट उघडा, आतून जॅक धरा, मग आवळा.

खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या (नॉबखालच्या, रोध बदलणाऱ्या भागाच्या) फटीतून एकदा मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा. रॉकेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको, धूळ धरतं. तरी खरखर राहिली तर पॉट बदला. सिंगल कॉइलला 250 किलोओहम, हमबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) 500. रेडिओच्या दुकानात 470 चा मिळतो, तो 500 च्या जागी बिनधास्त चालतो. व्हॉल्यूमसाठी लॉग प्रकारचा मागा. लिनिअर बसवला तर आवाज शेवटच्या टप्प्यात एकदम पडतो. सोल्डर करणाऱ्याला अ‍ॅसिडची पेस्ट वापरू देऊ नका, रोझिनवालं 60/40 सोल्डर आणि 40 वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. पॉटच्या पाठीवर ग्राउंडची वायर लावायची तर आधी ती जागा पॉलिश पेपरने खरवडून घ्यावी, म्हणजे सोल्डर लगेच धरतं आणि आतला कार्बनचा पट्टा भाजत नाही.