बायबल उघडायचीच लाज वाटते: वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे

गेली सहा वर्षे दर जानेवारीत ठरवते की यंदा संपूर्ण बायबल वाचून काढायचं. उत्पत्ती, निर्गम ही पहिली दोन पुस्तकं झरझर होतात. तिसरं, लेवीय, लागलं की अडते. मग चार दिवस सुटतात, मग आठ, आणि शेवटी बायबल उघडायचीच लाज वाटते. काय करू?
— एक शिक्षिका, अहिल्यानगर

ताई, हिशेब करून पाहा. बायबलात ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून थोडे जास्त होतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपता संपता जानेवारी सरतो. पुढे लागतात होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण आणि अंगावरच्या चट्ट्यांचे नियम. सोबतीला कोणी नसताना तिथे कुणाचेही पाऊल जड होईल. यात तुमच्या विश्वासाची उणीव मला दिसत नाही.

मला काळजी वाटते ती त्या लाजेची. राहिलेले अध्याय तुमच्या डोक्यावर थकबाकीसारखे बसले आहेत, आणि ज्याच्याकडे बाकी आहे त्याच्या दारावरून आपण मान खाली घालून जातो. प्रभूने अशी वही ठेवलेली नाही. सुटलेले दिवस भरून काढू नका. ज्या दिवशी बायबल उघडाल त्या दिवसाचा भाग वाचा, बस्स.

यंदा मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेली येशूची कथा, घ्या. सोळाच अध्याय आहेत. रोज एकच प्रसंग, तोही मोठ्याने, निदान स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतपत वाचा. दहाव्या अध्यायातल्या आंधळ्या बार्तीमयाचेच बघा, सात वचनांत सगळी गोष्ट आहे. लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो, येशू थांबतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे? पहिल्या दिवशी नुसते वाचा. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा वाचा आणि त्या प्रश्नापाशी थांबून तुमचे स्वतःचे उत्तर प्रभूला सांगा. ते सांगणे हीच तुमची प्रार्थना, वेगळी जुळवायला नको. वाचन आणि प्रार्थना ही दोन कामे झाली की दोन्ही सुटतात, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

लेवीय सोडून देऊ नका मात्र. मार्क संपला की लेवीयचा फक्त सोळावा अध्याय, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, दोन बकऱ्यांचा, वाचा आणि लगेच इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय. त्या पुस्तकाचे दार तिथून उघडते.

मी मोबाइलवर बायबल वाचतो. दोन वचनं होईतो मेसेज येतो आणि मन गेलंच. उपाय सांगा.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

छापील बायबल घ्या आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रार्थना करताना प्रभूने दार लावून घ्यायला सांगितले ना, मत्तयच्या सहाव्या अध्यायात? तुमच्या पिढीचे दार हे आहे.

भाषा जड वाटते असेही तुम्ही पुढे लिहिले आहे. त्याचा संकोच नको. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्ख्या बायबलाचे मराठी भाषांतर केले. फारसे न शिकलेल्या बायकांनाही कळावे हाच त्यांचा ध्यास होता, आणि १९२२ साली निधन होईपर्यंत त्या कामाला लागून होत्या. समजेल अशा भाषेत वाचायची इच्छा म्हणजे आळस नव्हे. आज सोप्या मराठीतली भाषांतरे मिळतात. रोजच्या वाचनाला त्यातले एक घ्या, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचतात ते शेजारी ठेवा.

मी नर्स आहे. महिन्यात दहा-बारा रात्रपाळ्या असतात. सगळे सांगतात, पहाटेची शांत वेळ हवी. मी पहाटे वॉर्डात असते आणि घरी आल्यावर गुडघ्यावरच झोप लागते. मग अपराधी वाटतं.
— मिरज

ताई, येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला हे मार्कात आहे. पण तो रात्रभर डोंगरावर प्रार्थना करत राहिला हे लूकच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि ते आपण कमी सांगतो. स्तोत्र १३४ काढा. तीनच वचने आहेत, आणि ती रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहून सेवा करणाऱ्यांसाठी आहेत. रात्रपाळीवाल्यांचेच स्तोत्र म्हणा ना. ते पाठ करा. रात्री राउंड घेताना एकेका खाटेपाशी पेशंटचे नाव मनात घेऊन एक वाक्य बोला.

आणि घरी आल्यावर झोपा. एलीया संदेष्टा थकून मरण मागत झाडाखाली पडला तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला उठवले. देवाचा मंद शब्द त्याने ऐकला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर.

आमची कौटुंबिक प्रार्थना रात्री जेवणानंतर व्हायची. पत्नी गीत सुरू करायची, मी वाचायचो. मार्चमध्ये ती गेली. आता बायबल उघडून बसतो, शब्द येत नाहीत. ४३ वर्षांची सवय अशी कशी तुटली?
— निवृत्त मुख्याध्यापक, जालना

काका, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. सवय तुटली असे मला वाटत नाही. ती दोघांची होती, आणि तुम्ही तिचा अर्धा भाग घेऊन रोज त्याच वेळी बसता आहात.

शब्द येत नसतील तर आणू नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की काय मागावे ते आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. ज्या दिवशी बोलावेसे वाटेल त्या दिवशी उसने शब्द घ्या. स्तोत्र १३ घ्या, त्यात दावीद ‘कोठवर?’ असे पुनःपुन्हा विचारतो. स्तोत्र ८८ घ्या, ते शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, काळोखातच संपते, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले. वधस्तंभावर प्रभूनेही स्तोत्र २२ चीच पहिली ओळ उच्चारली. तुम्हाला आनंदी प्रार्थना करायची सक्ती नाही.

गीताचे म्हणाल, तर तुमच्या पाळकसाहेबांना सांगा की आठवड्यातून एका संध्याकाळी दोघा-तिघांनी तुमच्याकडे जेवणानंतर यावे. गीत त्यांच्यातल्या कुणीतरी सुरू करावे. वाचायचे मात्र तुम्हीच, तुमच्या नेहमीच्या खुर्चीत बसून.