विचारा मिस्त्रींना : रेस दिली की ‘कुंईऽऽ’

प्रश्न : माझी 2013 सालची डिझेल गाडी 1,30,000 किलोमीटर चालली आहे. राहायला गुहागर, काम दापोलीत, त्यामुळे आठवड्यातून दोनदा धोपावे-दाभोळ फेरीबोट ठरलेली. गणपतीपासून रेस दिली की पुढून ‘कुंईऽऽ’ असा बारीक आवाज येतो, रेस वाढेल तसा सूर चढतो. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. बायको म्हणते, मागच्या काचेचा डिफॉगर लावला की आवाज वाढतो. त्यावर मेकॅनिक हसला. काय करू?

उत्तर : हसू दे त्याला. माझ्या मते अर्धं निदान वहिनींनीच केलंय. मागच्या काचेशी गिअरबॉक्सचं काय देणंघेणं? त्या काचेतल्या तारा तापायला वीज लागते आणि ती पुरवतो अल्टरनेटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजून डायनामोच म्हणतात तो. विजेची मागणी वाढली की तो जड फिरतो, इंजिनवरून त्याला फिरवणाऱ्या पट्ट्याची ओढ वाढते, आणि बेअरिंग गेलेलं असेल तर ते जास्त कण्हतं. शिवाय त्याची पुली लहान. इंजिन एकदा फिरेपर्यंत हा दोन-तीनदा फिरून मोकळा, म्हणून सूर इतका बारीक.

तरी खात्री करून घ्या. गाडी सपाटीला उभी करून हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये ठेवा. एसी, ब्लोअर बंद; ब्लोअरची स्वतःची घरघर फसवते. आता 2000 आरपीएमवर, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला 2000 फेऱ्यांवर, रेस धरा. गाडी जागेवर असताना आवाज आला तर टायर आणि चाकांची बेअरिंगं संशयातून सुटली. मग रेस तशीच धरून क्लच दाबा. आवाज गेला तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं, कारण न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरत असतो आणि क्लच दाबला की थांबतो. आवाज तसाच राहिला तर मात्र गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. हेडलाईट आणि डिफॉगर एकदम लावून पुन्हा ऐका.

माझ्या उमेदवारीच्या काळात असाच एक आवाज मी गिअरबॉक्सचा ठरवला होता. ऐन श्रावणात, छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली, दोघांनी मिळून दिवसभर खपून तो उतरवला. आत सगळं ठणठणीत. परत चढवला, गाडी चालू केली, तर ‘कुंईऽऽ’ हजर. उस्ताद आले, एक शब्द बोलले नाहीत. पट्टा काढला आणि चावी फिरवली. आवाज बंद! त्या दिवशी अख्ख्या गॅरेजचा चहा माझ्या खिशातून गेला.

तुम्हीही तेच करून घ्या. इंजिन बंद, पट्टा काढायचा आणि डायनामोची पुली बोटांनी फिरवायची. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. गेलेलं असेल तर जात्यात खडा आल्यासारखं बोटांना कळतं. पुली खालीवर हलवूनही बघा. शेजारी पट्टा ताणणारी टेन्शनर पुली असते, तीही फिरवा, कारण पुष्कळदा चोर तीच निघते. पट्टा नसताना इंजिन चालू करायचंच तर अर्ध्या मिनिटाच्या वर नको. काही गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो. आणि चालू इंजिनवर वाकताना ओढणी, पंचा, लुंगी लांब ठेवा. हे हसण्यावारी नेऊ नका.

दोष डायनामोत निघाला तर लगेच नवा घेऊ नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे खोलून पुढचं-मागचं दोन्ही बेअरिंगं बदला, डायोडही (डायनामोतली उलटसुलट वीज बॅटरीजोगी एकदिश करणारा भाग) तपासून घ्या; डायोड गेला तरी असाच आवाज येतो. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले की झालं.

फेरीबोटीबद्दल म्हणाल, तर भरतीच्या वेळी उतारावर पाणी असतं आणि आपण ते उडवत सुटतो. बेअरिंगचं सील रबराचं. ते म्हातारं झालं की खारं पाणी आत शिरतं आणि ग्रीस संपतं. तिथे पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरा. बॉनेटच्या आत प्रेशरने पाणी मात्र मारू नका. मीठ निघायचं राहतं, पाणीच आत ढकललं जातं.

प्रश्न : चिपळूणला पुराच्या पाण्यातून जीप काढली. आता पन्नासच्या पुढे रेस दिली की मागून ‘घूंऽऽ’ येतं, पाय उचलला की थांबतं.

उत्तर : हे मागच्या हौसिंगमधलं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी पेटीतलं क्राऊन-पिनियन, चाकांना जोर पोचवणारी दात्यांची जोडी. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून), सीलमधून पाणी ओढून घेते. आजच खालचं बुच उघडा. ऑईल दुधाच्या चहासारखं आलं तर सगळं सांडून टाका, नवं भरा, शंभरेक किलोमीटरवर पुन्हा बदला. बुचाच्या चुंबकावर काळपट लेप असेल तर काळजी नाही; चमकणारे पापुद्रे असतील तर ऑईल बदलून भागणार नाही, हौसिंग खोला.