सरावात वाऱ्यासारखा पळतो, स्पर्धेत पाय गळतात

बीडला माझ्याकडं समुपदेशनासाठी पळणाऱ्या पोरापोरींना घेऊन येणारे लोक, कुणी आई, कुणी मामा, कुणी कॉलेजचे क्रीडा शिक्षक, एकच गाऱ्हाणं सांगतात. "मॅडम, सरावात कुणाला ऐकत नाही, पण स्पर्धेत पायच गळतात. भित्रा आहे का हो?" परवा पुन्हा एका आईचा हाच फोन आला, म्हणून एका पोराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि त्याला विचारूनच लिहितेय.

पोरगा 19 वर्षांचा, डोंगरपट्ट्यातला. आईवडील दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, हा आज्जीपाशी. क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे मैदान सोडून शेतामाळातनं लांब पळायच्या, दोन स्पर्धांत अर्ध्यातनं बाहेर पडलेला, मान खाली घालूनच बसायचा.

"नेमकं कुठं बिघडतं?"

"तिसऱ्या किलोमीटरला मॅडम. छाती भरून येती, पाय दगडावानी होतेत."

"आणि पहिल्या किलोमीटरला?"

"पहिल्याला मी सगळ्यांच्या म्होरं असतो की."

इथंच मी थांबले. तिसऱ्या किलोमीटरला जे होतं त्याचं कारण पहिल्यात असतं, हे पळण्यातल्या कुणालाही कळेल, त्याला पण कळत होतं, सरांनी शंभरदा सांगितलं होतं. आपल्याकडची बरीच पोरं भरतीसाठी 1600 मीटर पळून तयार होतात, ते पाच-सहा मिनिटांत संपतं, म्हणून सुटल्या सुटल्या ताणायची सवय लागते. 8-10 किलोमीटरला, ते पण ढेकळातनं, चढावरनं, पाऊस झाला असेल तर काळी माती बुटाला किलोभर चिकटलेली, ती सवय मारक ठरते. पण माहीत असून पोरगा ऐकत का नव्हता? माझं पहिल्यापासून मत आहे की माणूस चुकीचं करतो तेव्हा त्या क्षणाला तो स्वतःशी काय बोलतो ते आधी शोधावं, सल्ला नंतर.

म्हणून विचारलं, "शिट्टी वाजली की डोक्यात कोण असतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पप्पा. ते तिकडं थंडीत फडात आणि मी हितं पळायलो. मागं राहिलो तर त्यांच्या उचलीचे पैसे बुडवल्यासारखं वाटतं."

उचल म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडनं घेतलेले आगाऊ पैसे. म्हणजे हा पोरगा भित्रा नव्हताच, तो प्रत्येक शर्यतीत कर्ज फेडायला उतरत होता, आणि कर्ज फेडणाऱ्याला दम धरवत नाही, त्याला पहिल्या मिनिटातच मोकळं व्हायचं असतं.

"पप्पा म्हणतात का तसं, नंबर आला पाहिजे म्हणून?"

"नाही. ते फकस्त इचारतेत, जेवलास का."

एवढं बोलला आणि रडायला लागला. मी रडू दिलं. पुढच्या वेळी मी त्याला तिथंच वडिलांना फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. पोरानं चाचरत सगळं सांगितलं. वडील जे बोलले ते मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नसतं. "आरं बाबा, पहाटं फडात उतरल्या उतरल्या कोयता दणादणा चालवला तर दुपारी मोळी उचलंल का कुणी? दिवसभर पुरंल असा हात चालवावा लागतो. तुला कोण म्हणलं माझ्यासाठी पळ म्हणून?"

ते शब्द बापाचे, पण फोन लावायला लावला याचं समाधान मला आजही आहे.

त्यानंतरचं काम तसं साधं होतं. सरांशी बोलून आठवड्यातले बरेचसे दिवस सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं ठरवलं, घड्याळ घरी ठेवून, शेतामधल्या पांदीनं. क्रॉसकंट्रीत प्रत्येक रस्ता वेगळा, त्यामुळं टायमिंग दुसऱ्या मैदानाशी ताडायचंच नसतं, नंबर मोजतात, आणि संघातल्या पुढं आलेल्या ठरावीक जणांचे नंबर मिळवून ज्यांची बेरीज कमी तो संघ वर. म्हणजे मागून गाठलेला एकेक जण पण कामाचा. सुरुवातीला तिसाव्या नंबरावर राहायची परवानगी त्यानं स्वतःला द्यायची, हे आम्ही कित्येकदा तोंडानं म्हणून घेतलं.

पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक पळणाऱ्या पोराला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं उदाहरण देतात. द्या, अभिमान आहेच, 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य आणलंय त्यानं. पण तो स्पर्धेच्या पळण्याकडं वळला ते बारावीनंतर सैन्यात गेल्यावर, आधी क्रॉसकंट्री आणि मग स्टीपलचेस, हे पण सांगा की पोरांना. सोळाव्या वर्षी मेडल मागू नका. शर्यतीआधी छाती धडधडते, वारंवार लघवीला लागते, ते शरीर तयार होतंय म्हणून, त्याला भीती नाव देऊ नका. नडगी दुखतेय म्हणाला तर नाटक समजू नका. पोरगी सारखी थकत असेल तर मनाचं दुखणं म्हणून माझ्याकडं आणायच्या आधी डॉक्टरकडं नेऊन हिमोग्लोबिन तपासा. आणि शर्यत झाल्यावर पहिला प्रश्न नंबराचा नको.

पुढच्या स्पर्धेत पोरगा पहिल्या किलोमीटरला बराच मागं होता, सर काठावर घाबरलेले. शेवटी चौदावा आला, संघाच्या बेरजेत त्याचा नंबर धरला गेला. त्यानं आधी फोन केला तो बापाला, फडात. मला दोन दिवसांनी सरांकडून कळलं, आणि मला ते फार बरं वाटलं.