‘माझ्या एकटीसाठी वेगळा गाइड? लोक काय म्हणतील!’

वृंदाताई पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, माझा प्रश्न अगदी फालतू आहे. तुमच्याकडे लोक केवढाली दुःखं घेऊन येत असतील."

(नाव आणि काही तपशील बदलले आहेत. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.)

प्रश्न असा होता. जानेवारीत सगळं घर अंदमानला जाणार होतं. बावीस वर्षांच्या लेकीचा स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, ‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्स झालेला. तिचा एकच हट्ट, "आई, एकदा तरी माझ्यासोबत पाण्याखाली ये." वृंदाताईंनाही जायचं होतं, पण पाण्याखाली जाण्याच्या नुसत्या विचारानं तळहाताला घाम फुटायचा. लेकीनं सुचवलं, तुझ्यासाठी वेगळा इन्स्ट्रक्टर घेऊ, फक्त तुझ्या एकटीसाठी. तिथेच गाडं अडलं. "सगळे चौघाचौघांत जातात. मला मात्र माझा वेगळा माणूस! पैसे जास्त, ते वेगळंच. आणि लेकीच्या मैत्रिणी असतील बोटीवर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बोट धरून चालायचं का मी?"

हा प्रश्न मला फालतू वाटला नाही. वेगवेगळ्या रूपांत तो माझ्याकडे सतत येतो. कुणाला गाडी शिकताना वेगळा शिक्षक हवा असतो, कुणाला पोहायला शिकताना. आणि दर वेळी मागणाराच ओशाळलेला असतो. आपल्याकडे शिकवणी लावली म्हणजे पोर ढ, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की पन्नाशीतही ते सुटत नाही.

पण वृंदाताईंच्या भीतीला एक इतिहास होता. खरं तर दोन.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीत त्या मालवणला गेल्या होत्या. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट थांबली, पाच मिनिटांत सूचना उरकल्या, पाठीवर सिलिंडर चढलं आणि एकेक जण पाण्यात. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं आणि नाकापर्यंत आलं. समोरच्या मुलानं अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारलं, ओके? वृंदाताईंनी तशीच खूण करून सांगितलं, ओके. पाणी वाढलं. पुन्हा ओके? पुन्हा ओके. तिसऱ्यांदाही ओके. आणि मग एकाएकी त्यांनी तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण, काढायला हात घातला आणि वरच्या दिशेनं धडपड सुरू केली. त्या मुलानं त्यांचं सिलिंडर घट्ट पकडलं, रेग्युलेटर तोंडावर दाबून धरलं आणि हळूहळू वर आणलं. बोटीवर सगळ्यांसमोर त्या रडल्या.

"त्यानं मला खाली दाबून धरलं," असं त्या दोन वर्षं सांगत होत्या. मी स्वतः स्कूबा शिकले आहे, म्हणून मला ते वेगळं दिसलं. त्यानं त्यांना धरलं नसतं तर त्या श्वास कोंडून सुसाट वर आल्या असत्या. पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास वर येताना फुगत जातो आणि कोंडून ठेवला तर फुप्फुसाला इजा होते. अगदी तीन-चार मीटरवरून येतानाही हा धोका असतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. त्या मुलाचा हात बरोबरच होता. चूक झाली ती आधी. घाईत उरकलेल्या सूचनांत, आणि बोटीवरच्या गर्दीत घाबरलेल्या माणसाला कुणी वेगळं विचारलं नाही त्यात.

मी विचारलं, "नाकात पाणी जात असताना तुम्ही तीनदा ओके का म्हणालात?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो बिचारा विचारत होता. नाही कसं म्हणायचं?"

त्यापाठोपाठ विहीर आली. सातव्या-आठव्या वर्षी मामाच्या मळ्यातल्या विहिरीवर पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकत होत्या. एक दिवस मामानं न सांगता डबा सोडला आणि वरून ढकललं. त्या तरंगल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. "सगळे म्हणाले, बघ, आलं की तुला पोहायला! मी पण हसले." त्यानंतर चाळीस वर्षं त्या पोहल्या, पण खोल पाण्यात कधीच नाही.

म्हणजे भीती पाण्याची होतीच. पण तिच्या तळाशी दुसरी गोष्ट होती: पाण्यात आपल्या ‘थांबा’ला किंमत नसते, हा अनुभव. आणि त्यातून लागलेली सवय, की थांबा म्हणायचंच नाही.

इथे मला माझ्या धंद्यातली एक अडचण सांगितली पाहिजे. घाबरलेल्या माणसाला सोबत देणं नेहमीच चांगलं असतं असं नाही. लिफ्टची भीती असलेला माणूस कायम बायकोचा हात धरून लिफ्टमध्ये चढत असेल, तर त्याचा मेंदू लिफ्ट सुरक्षित आहे हे शिकत नाही, बायको सोबत असली की सुरक्षित आहे एवढंच शिकतो. आधार कुबडी होऊन बसतो. एका तरुणानं असंच केलं होतं. खासगी गाइड घेतला, डोळे जवळपास मिटून त्याच्या हातात हात दिला आणि त्यानं नेलं तिथे गेला. बारा मीटरपर्यंत. वर येऊन मला म्हणाला, "मॅडम, मी नाही गेलो, त्यानं नेलं." भीती होती तेवढीच राहिली.

म्हणून वृंदाताईंना मी लगेच हो म्हटलं नाही. गाइड घ्यायचा, पण कशासाठी? हात धरून न्यायला घेणार असाल तर मी घेऊ नका म्हणेन. तुमच्या वेगानं जायला, आणि कुणाचाही खोळंबा न करता परत फिरता यावं म्हणून घेणार असाल तर जरूर घ्या. चौघांच्या गटात एकाचा कान दुखला तर तिघे थांबतात. आपल्या स्वभावाची बाई अशा वेळी कान दुखत असूनही ओके म्हणते. आणि कानांवरचा दाब तर पहिल्या काही मीटरमध्येच सगळ्यात झपाट्यानं बदलतो. नाक चिमटीत धरून त्या बंद नाकातूनच हलकेच हवा ढकलायची, कान मोकळे करायचे, आणि हे दुखायच्या आधी, थोडं थोडं उतरत पुन्हा पुन्हा करायचं. कुणाला त्याला दोन मिनिटं लागतात, कुणाला दहा. ती दहा मिनिटं तुम्ही विकत घेता आहात. त्यात कमीपणा कसला?

आमच्या सहा बैठका झाल्या. त्यातली निम्मी तयारी त्यांनी घरीच केली. मोठ्या घंगाळात पाणी भरून, नवऱ्याला शेजारी उभं करून, तोंडात स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी, धरायची, मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवायचा आणि फक्त तोंडानं श्वास घ्यायचा. ऐकायला किरकोळ वाटतं. नाकाला पाणी लागलं की शरीर श्वासच बंद करू पाहतं. पहिल्या दिवशी त्यांना चार सेकंद जमलं. पंधरा दिवसांनी तीन मिनिटं. सोबत मी श्वास सोडण्यावर भर दिला. घाबरलं की माणूस वरवर, भराभर श्वास घेतो. पाण्याखाली अशा श्वासानं कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि ‘हवा पुरत नाही’ असं वाटायला लागतं. सिलिंडर भरलेलं असतं, रेग्युलेटर नीट चाललेलं असतं, तरीही. त्यावर उपाय श्वास ओढण्यात नाही, लांब सोडण्यात आहे.

आणि खुणा. ओकेची खूण त्यांना येतच होती. मी त्यांना तळहात आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायला शिकवला: ‘काहीतरी बिघडलंय.’ अंगठा वर म्हणजे पाण्याखाली ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. हे घरच्या जेवणाच्या टेबलावर करायचं, असा गृहपाठ दिला. सासूबाईंनी आणखी एक पोळी वाढायला घेतली की तळहात हलवायचा. त्या हसल्या, पण तिसऱ्या आठवड्यात सांगत आल्या की सासूबाईंनी खरंच हात आवरता घेतला.

एकदा त्यांनी हळूच विचारलं, "जाताना एखादी झोपेची, भीतीची गोळी घेतली तर?" मी स्पष्ट नाही म्हटलं. गुंगी आणणारं औषध घेऊन पाण्याखाली जायचं नसतं. तिथे आधी वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदय, रक्तदाब, कानाची ऑपरेशन्स, पॅनिक अटॅक, चालू असलेली औषधं, सगळं विचारतात. त्यात खोटं लिहायचं नाही. एखाद्या उत्तरामुळे डॉक्टरचा दाखला मागितला तर तो आणायचा. वृंदाताईंना रक्तदाबाची गोळी चालू होती, त्यांनी डॉक्टरांकडून लेखी परवानगी आणली.

मग गाइड शोधणं. मी त्यांना फोनवर विचारायचे प्रश्न लिहून दिले नाहीत, आधी त्यांनाच विचारू दिलं. दोन ठिकाणी फोन करून आल्या आणि म्हणाल्या, "दोघेही म्हणतात प्रायव्हेट आहे." पण प्रायव्हेट म्हणजे काय? पाण्याखाली तो फक्त माझ्यासोबत असेल का? माझ्यासोबत असताना फोटोही तोच काढणार का? कारण कॅमेऱ्यात डोळा घातलेला माणूस तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही. तो इन्स्ट्रक्टर आहे की डाइव्हमास्टर? कोर्स न केलेल्या माणसासोबत इन्स्ट्रक्टरच हवा, डाइव्हमास्टरचं काम मुख्यतः कोर्स झालेल्यांना फिरवून आणायचं. अर्ध्यातून परत आलो तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येईल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालवणची गोष्ट सांगितल्यावर समोरचा काय म्हणतो? "काही होत नाही मॅडम, आम्ही आहोत ना" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, असं माझं मत आहे. भीती ऐकून घेऊन जो उलट प्रश्न विचारतो, त्याच्याकडे जा.

तिसऱ्या फोनवरच्या मुलानं विचारलं होतं, "मास्क में पानी आया था, या सिर्फ डर लगा था कि आएगा?"

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, तोच होता. मायाबंदरकडचा, करेन समाजातला. ब्रह्मदेशातून शंभर वर्षांपूर्वी अंदमानात आलेले हे लोक. त्यांच्यातली बरीच मुलं आज तिथे डाइव्हिंगच्या कामात आहेत. त्यानं बोटीवरून उडी मारायला लावलीच नाही. नेमो रीफ या तिथल्या डाइव्हच्या जागी किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाता येतं. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून त्यानं मुद्दाम मास्कमध्ये पाणी घ्यायला लावलं. मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, नजर वर करायची, नाकानं जोरात श्वास सोडायचा, पाणी निघून जातं. हे त्यांनी अकरा वेळा केलं. नंतर दोन मीटरवर गेल्या आणि तळहात हलवला. तो लगेच वर घेऊन आला. पुन्हा गेल्या, पुन्हा तळहात. तिसऱ्या वेळी वर आल्यावर त्या म्हणाल्या, आज बस.

त्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज पडलेला असेल असं मला वाटलं होतं. "मॅडम, मी तीनदा थांबा म्हटलं आणि तीनही वेळा तो थांबला," त्या सांगत होत्या. मालवणच्या बोटीवर कुणीतरी एवढंच करायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटलं.

आम्ही मोकळे दिवस आधीच ठेवले होते. घाबरणाऱ्यानं सहलीच्या शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवूच नये. एकतर ‘आज नाही तर कधीच नाही’ असा घोर लागतो. शिवाय डाइव्हनंतर विमानात बसायला एका डाइव्हला किमान बारा तास आणि अनेक डाइव्हना अठरा तास जाऊ द्यावे लागतात, आणि पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, परतीचं विमान आपल्यासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पाच-सहा मीटरपर्यंत उतरल्या. तिसऱ्या दिवशी लेक सोबत होती. गाइडनं त्यांचा हात धरला नव्हता, हाताच्या अंतरावर होता. समुद्रफुलाच्या बोटांमधून नारिंगी-पांढरे मासे डोकावत होते तिथे लेकीनं थांबून बोट दाखवलं. नेमकं त्याच वेळी वृंदाताईंच्या मास्कमध्ये पाणी आलं. गाइडनं खूण केली, ओके? त्यांनी तळहात हलवला. तो थांबला, लेक थांबली. त्यांनी कड दाबली, वर पाहिलं, श्वास सोडला. मग दोन लांब श्वास घेतले आणि अंगठा-तर्जनी जुळवली.

कोल्हापूरला परतल्यावर त्या एकच प्रश्न घेऊन आल्या. "पुढच्या हिवाळ्यात कोर्स करायचं ठरवलंय. तेव्हा पण वेगळा माणूस घेऊ का?"

मी म्हटलं, पोहण्याच्या तलावातले पहिले दोन दिवस घ्या. नंतरचं तिथे गेल्यावर ठरवा.

"आणि लेकीच्या मैत्रिणी?" मीच विचारलं.

"त्यांच्यातल्या एकीनं त्या मुलाचा नंबर घेतला माझ्याकडून," त्या म्हणाल्या.